दहा नंबरचा डॉक्टर

अल्स्टर रग्बी संघाची मॅच असली की रेव्हनहिल रोडवर बस हलत नाही. बेलफास्टला आल्यावर पहिल्याच महिन्यात हे कळलं. मैदानाला आता प्रायोजकाचं नाव लागलंय, पण शेजारचे आजोबा अजून रेव्हनहिलच म्हणतात. मला रग्बीतलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनी शिकवणी सुरू केली ती थेट जॅक काइल या जुन्या खेळाडूपासून.

१३ मार्च १९४८. याच मैदानात आयर्लंडने वेल्सला ६-३ हरवलं. ट्रायला (चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे टेकवला की ट्राय) तेव्हा तीनच गुण, म्हणजे दोन ट्राय विरुद्ध एक. फ्रान्स, इंग्लंड, स्कॉटलंडला आधीच लोळवलेलं, त्यामुळे हा आयर्लंडचा पहिला ग्रँड स्लॅम, म्हणजे स्पर्धेतल्या सगळ्या संघांवर विजय. विजयी ट्राय करणाऱ्या जॅक डेलीची जर्सी लोकांनी अंगावरच फाडून आठवण म्हणून वाटून घेतली! आयर्लंडची उत्तर-दक्षिण फाळणी होऊन पाव शतक उलटलं होतं, पण रग्बीचा संघ दोघांचा मिळून एकच. आजही एकच आहे.

काइल दहा नंबरचा, फ्लाय-हाफ, म्हणजे संघाच्या चाली रचणारा. वय २२, क्वीन्स युनिव्हर्सिटीत मेडिकलला. जुन्या फिल्ममध्ये त्याला पळताना बघून मला कबड्डीतला तरबेज रेडरच आठवला. समोरच्याला वाटतं, धरला; तोवर हा कमरेतून झुकांडी देऊन पार. १९५० साली लायन्स या ब्रिटन-आयर्लंडच्या एकत्रित संघाबरोबर बोटीने न्यूझीलंडला गेला, डनेडिनच्या पहिल्या टेस्टमध्ये ट्राय केला. पुढच्याच वर्षी डॉक्टर झाला. १९५८पर्यंत आयर्लंडकडून ४६ सामने. मानधन शून्य, कारण रग्बी तेव्हा हौशी खेळ होता.

मला मात्र त्यापुढचं आयुष्य जास्त भावलं. आधी काही काळ इंडोनेशिया, मग १९६६ साली डॉक्टर काइल झांबियातल्या चिंगोला या तांब्याच्या खाणींच्या गावी सर्जन म्हणून गेले आणि २०००पर्यंत तिथेच राहिले. चौतीस वर्षं! खेळले त्याच्या तिप्पट. आजोबांच्या गप्पांत मात्र हा सगळा काळ एका वाक्यात उरकतो आणि गाडी परत १९४८वर.

दुसऱ्या ग्रँड स्लॅमला ६१ वर्षं लागली. २००९, कार्डिफ, पुन्हा वेल्सच. १७-१५. त्र्याऐंशी वर्षांचे काइल स्टेडियममध्ये हजर होते. २०१४ला ते गेले.

हे सगळं आईला फोनवर रंगवून सांगितलं. तिने एकच विचारलं, "सहा महिने बोटीने हिंडला, मग परीक्षा नाही ना बुडाली?"