ट्युलिप बघायला गेलो, देठ मोजून आलो

सहल ठरवून देणाऱ्याने पाठवलेल्या फोटोत डोंगराच्या पायथ्यापर्यंत नुसते रंगांचे पट्टे. "एप्रिलभर फुल्ल असतं ताई, कधीही जा." आम्ही १९ एप्रिलला श्रीनगरच्या ट्युलिप बागेत पोहोचलो, तर खालच्या वाफ्यांत हिरवे देठ ताठ उभे आणि वर फूलच नाही. एक माळी उरलीसुरली सुकलेली फुलं अंगठ्याने टचाटच मोडून गोणीत टाकत होता. का, म्हणून विचारलं. फूल ठेवलं तर रोप बी धरायला जातं, मोडलं की ताकद खाली कांद्यात उतरते, म्हणाला. बरोबरच आहे, पण त्यासाठी आम्ही विमानाने आलो नव्हतो.

ही बाग मार्चअखेरीस उघडते आणि जेमतेम महिनाभर चालते. लवकर, मध्ये आणि उशिरा फुलणाऱ्या जाती लावतात म्हणून तेवढी तरी टिकते. ऊन तापलं की ट्युलिप आटोपलाच. एप्रिलचा पहिला आठवडा गाठा. पंधरा तारखेनंतर कोणी ट्युलिपच्या नावाने सहल गळ्यात मारत असेल तर सरळ नाही म्हणा.

आता बुलेव्हार्ड रोड. दल सरोवराच्या कडेने बागेकडे जाणारा हा रस्ता फोटोत सुंदर दिसतो, हंगामात तिथे गाड्यांची माळ लागते. आमचा ड्रायव्हर म्हणाला, "गाडी आगे नहीं जाएगी." सासूबाईंचे गुडघे बघून आम्ही रिक्षा केली. चारशे रुपये! ती पाचशे मीटर गेली आणि त्याच रांगेत अडकली. शेवटी उतरून चालत निघालो, आणि बागेच्या अलीकडे आमचीच गाडी, रिकामी, आरामात आमच्या पुढून गेली. दोन दिवस झाले, राग अजून गेलेला नाही. कोणी काहीही म्हणो, गाडीतून उतरू नका. शनिवार-रविवार तर टाळाच.

बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. आमच्यात एकट्या नवऱ्याचं पोस्टपेड, आणि गर्दीत हरवला नेमका तोच. भेटायची जागा आधी ठरवून ठेवा.

सकाळी बाग उघडताच आत शिरा, पण लगेच फोटो काढत सुटू नका. थंडीत पाकळ्या मिटलेल्या असतात, ऊन अंगावर आलं की उघडतात. वास घ्यायला वाकू नका, बहुतेक ट्युलिपना तो नसतोच. वासाचं फूल म्हणजे हायसिंथ. त्याच्याजवळ सासूबाई थबकल्या, म्हणाल्या, "अगं, निशिगंधच की हा!"

बाग टप्प्याटप्प्याने चढत जाते. खालचा उजाडपणा बघून आम्ही परतणारच होतो, पण सासूबाईच हट्टाने वर निघाल्या. वर उशिराच्या जाती शिल्लक होत्या. जवळजवळ काळी वाटावी अशी जांभळी फुलं, मागे झबरवानचा डोंगर, खाली दल. आमची लेक पहिल्यांदाच गप्प बसली. उशिरा गेलात तर खाली एक मिनिटही घालवू नका, सरळ वर चढा. गुडघेदुखी असेल तर काठी न्या, बाक मिळायची खात्री नाही.

गुलमर्ग, पहलगाम छान झालं. परतताना ड्रायव्हरने बक्षिशी मागितली. मी खिडकीबाहेर बघत बसले.