वहीच्या मधलं पान

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. पुढून रियाजाचं लिहितो आणि मागून कामाचं, म्हणजे कुणाचं काय अडलंय, कुठला बग राहिलाय, कुणाचं पेमेंट यायचंय वगैरे. परवा दोन्ही बाजू मध्ये येऊन भिडल्या, डाव्या पानावर "मालकंस, मंद्रातला नी हलतोय" आणि उजव्या पानावर "चाचांना हिशोब द्यायचाय". तू नक्की करतोस काय असं कुणी विचारलं की मी माणूस बघून उत्तर देतो, पाहुण्यांना सॉफ्टवेअर, क्लासमधल्यांना गाणं, बँकेत धंदा. पण ते पान बघितलं आणि वाटलं, चाचा सोडले तर माझं एकही काम दुसऱ्या कामाला ओळखत नाही.

चाचा मिरजेतल्या सतारमेकर गल्लीतले, तानपुरे बनवणारे. तिथली बरीच घरं मूळची शिकलगारांची, हत्यारांना धार लावणारी. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली, मग बनवायला घेतली आणि गल्लीच्या गल्ली त्यात उतरली. भोपळा अजूनही पंढरपूरकडून येतो.

मी तिथे पहिल्यांदा गेलो तो बिलिंग सॉफ्टवेअर विकायला. दिलं पण, आणि घोळ घातला. तंतुवाद्यांचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी मालाला दिलेला नंबर, ९२०२, त्याला मी सरसकट १८ टक्के लावून मोकळा झालो. आता हाताने बनवलेल्या देशी वाद्यांची वेगळी यादी आहे आणि त्यांच्यावर जीएसटी शून्य आहे, हे मला कुणी सांगितलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. २५ हजाराच्या तानपुऱ्यावर साडेचार हजार टॅक्स बघून एक गिऱ्हाईक हात जोडून निघून गेलं. चाचा चिडले नाहीत, फक्त म्हणाले, "अरे कारखान्यातली गिटार आणि हा एकच कसा रे?" त्या रात्री ती यादी वाचली, कोड बदलला आणि एका पानावर सोप्या मराठीत सगळं लिहून झेरॉक्स काढून गल्लीत वाटलं. याला इंग्रजीत ॲडव्होकसी म्हणतात म्हणे, आमच्या घरी नसत्या उचापती म्हणतात.

मग येणंजाणं वाढलं. चाचा जवारी लावतात, म्हणजे तारेला झणकार यावा म्हणून घोडी घासून बेतात आणतात, ते बघायला मी तासतास बसतो. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवायची ती इतकी हलकी की भुकटी पडलेली दिसतपण नाही, मग तार चढवायची, छेडायची, तारेखालचा दोरा केसभर पुढेमागे सरकवायचा, परत ऐकायचं, परत तार उतरवायची. सपाट घोडीला तार निसटती घासते म्हणून तो झणकार येतो, यावर सी. व्ही. रामन यांनी १९२१ सालीच लिहून ठेवलंय, पण चाचांना रामनची गरज नाही, त्यांचं सगळं कानावर.

त्यांच्याच एका तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग करून मी गाणाऱ्यांच्या साथीला तानपुरा वाजवणारं ॲप बनवलं. चाळीस सेकंदाचा लूप, मला वाटलं झकास झालंय. चाचांनी फोन कानाला लावला, दोन मिनिटं गप्प. मग म्हणाले, "पंचम दर वेळी तस्साच छेडलाय. माणसाचं बोट एवढं शहाणं नसतं." झालं, परत गेलो, प्रत्येक तार बारा बारा वेळा वेगवेगळी छेडून घेतली आणि ॲप त्यातली कुठलीही उचलेल असं केलं. तेव्हा कुठे मान हलली.

ॲप चालायला लागलं आणि मला वहीत एक वाक्य लिहावं लागलं जे लिहायचं मी टाळत होतो: चाचांचा आवाज विकून चाचांचंच गिऱ्हाईक पळवतोय. कारण क्लासवाले आता फोन स्पीकरला जोडतात, तानपुरा कोपऱ्यात गवसणीत. कायद्याने मी एकदम साफ आहे, ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्याचा, ६० वर्षं. ज्याने तो झणकार कानस घासून काढला त्याचं त्यात काहीच नाही. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, चांगलंच झालं, पण त्याने मिरज हे नाव राखलं जातं, आवाज नाही. तो माझ्यासारखा कुणीही उचलून नेतो.

म्हणून ॲप उघडल्यावर पहिल्यांदा चाचांच्या दुकानाचं नाव दिसेल असं केलं आणि विक्रीतले दहा टक्के त्यांना द्यायचं ठरवलं. दहाच का, तर त्याला काही उत्तर नाही, पंधरा लिहिताना हात अडखळला हे खरं. पैसे घेऊन गेलो तर चाचा म्हणाले, "ठेव तिथे. पण हे कशाचे म्हणून लिहू?" बघितलं तर माझ्या सॉफ्टवेअरमध्ये तसं खातंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी टाकलं, नाव दिलं "जवारी".

आता त्यांच्या पोराचा मेसेज आलाय, दादा, याला एचएसएन कुठला टाकू?