आज काय नाही, हे आधी विचारा

मुंबईत मासे कुठे खावेत असं विचारलं की जो तो हॉटेलांची नावं सांगून मोकळा होतो. महिना कुठला, वार कुठला आणि खायचा मासा कुठला हे ठरलं की हॉटेल शोधायला पाच मिनिटं पुरतात. उलट्या टोकाने सुरुवात केली की नावाजलेल्या दारात तासभर उभं राहून जुलैतलं फ्रीजरचं पापलेट पदरात पडतं.

टेबलावर बसल्यावर वेटरला "आज ताजं काय?" विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: सगळंच. "आज काय नाही?" असं विचारा. "मुडदुशी आली नाही, तिसऱ्या (शिंपल्या) संपल्या, हलवा आहे पण लहान आहे, नका घेऊ" असं काही ऐकू आलं की निवांत पाणी प्या, योग्य जागी आलात. कार्डावर तीस प्रकार आणि तीसच्या तीस बारा महिने हजर, असं असेल तर तिथे टोपलीतला ताजा माल कमी आणि डीप फ्रीजरचा जास्त. रोज बाजारातून माल आणणाऱ्या खानावळीत भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं असतं आणि दुपारी दोननंतर त्यातलं निम्मं पुसलेलं असतं. ते पुसलेलं बघून हळहळू नका, तीच त्या जागेची पावती.

आता महिन्याचं. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद असते. विणीचा काळ आणि खवळलेला समुद्र, दोन्ही कारणं आहेत. बिगरयांत्रिक होड्यांना ही बंदी नसते, त्यामुळे खाडीतलं आणि किनाऱ्यालगतचं थोडंफार येत राहतं: बोय, खाडीची कोळंबी, चिंबोऱ्या. पण या दोन महिन्यांत ताटात येणारी जाडजूड सुरमई आणि पापलेट बहुतेक वेळा शीतगृहातली असतात. गोठवलेला मासा म्हणजे वाईट मासा असं नाही, मात्र त्याला तवा मानवत नाही. गोठताना मांसातल्या पाण्याचे स्फटिक होतात, ते धागे फोडतात, आणि वितळल्यावर पाणी सुटतं. तव्यावर तो मासा तळला जायच्या ऐवजी स्वतःच्याच पाण्यात वाफवला जातो आणि तोंडात कापूस चावल्यासारखा लागतो. तोच तुकडा आंबट-तिखट रश्श्यात बरा जातो. म्हणून बंदीच्या दिवसांत फ्राय नको, कालवण घ्या. त्याहून शहाणपणाचं म्हणजे सुक्याकडे वळा: सोड्यांची खिचडी, सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, नाहीतर सरळ कोंबडी-वडे. गटारीला मासे खायचा हट्ट धरणाऱ्यांनी दिनदर्शिका बघावी. ती बहुधा बंदी चालू असताना किंवा ती उठता उठता येते, आणि त्या रात्री गर्दी अशी की चांगल्या स्वयंपाक्याचाही हात बिघडतो.

बंदी उठल्यापासून थंडी संपेपर्यंत खरा मोसम. त्यात श्रावण पाळणाऱ्यांमुळे ऑगस्टमध्ये टेबलं रिकामी मिळतात आणि बाजारात नवा माल असतो. न पाळणाऱ्यांसाठी वर्षातले हे सगळ्यात सुखाचे दिवस.

वारांचं गणित सोपं आहे. बुधवार, शुक्रवार, रविवार हे खाण्याचे. सोमवार, गुरुवार, शनिवार, संकष्टी आणि एकादशी निम्म्या शहराच्या न खाण्याच्या. उपासाच्या दिवशी जागा लगेच मिळते खरी, पण माल खपत नाही म्हणून कमी आणला जातो किंवा कालचा पुढे सरकतो. रविवारी माल भरपूर, मात्र तवे कमी पडतात आणि घाईत काढलेला बोंबील आतून ओला राहतो. शुक्रवारची दुपार त्यातल्या त्यात उत्तम. सव्वाबाराला पोचा. एकला ऑफिसवाल्यांची झुंबड उडते.

हॉटेल निवडताना "मालवणी की गोवन, सगळं एकच" असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका. मालवणी रश्श्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि खड्या मसाल्यांचं मालवणी तिखट असतं, रंग तपकिरीकडे झुकतो. गोमंतकी हुमणात ओलं खोबरं, धणे आणि लाल मिरची कच्चीच वाटतात. रंग केशरी, चव हलकी, आंबटपणा चिंचेचा किंवा सोलांचा, आणि बांगडा असेल तर तिरफळ. (तिरफळ चावायचं नाही. जीभ बधिर होते आणि पुढचं ताट वाया जातं. बाजूला काढा.) मंगळुरी गस्सीत ब्याडगी मिरचीचा रंग आणि चिंच, सोबत नीर डोसा किंवा आप्पम. पुळीमुंची म्हणजे चिंच-मिरचीचा दाट लेप, तो बांगड्याला जितका शोभतो तितका पापलेटाला नाही. कोळी पद्धतीचं खोबऱ्याशिवायचं लसूण-चिंचेचं कालवण हॉटेलांत फार कमी मिळतं. ते खायचं असेल तर हिवाळ्यात वेसाव्यासारख्या (वर्सोव्याच्या) कोळीवाड्यांतले सीफूड महोत्सव गाठावेत.

यावरून पत्ते लावा. मालवणीसाठी दादर: सिंधुदुर्ग, चैतन्य. गोमंतकी घरगुती चवीसाठी वांद्रे पूर्वेला गांधीनगरचं हायवे गोमांतक. पार्ले पूर्वेच्या गजालीत बोंबील आणि तिसऱ्यांची कोशिंबीर. फोर्टमध्ये मंगळुरी: महेश लंच होम, अपूर्वा. काळ्या घोड्याला त्रिष्णा हे बटर-गार्लिक खेकड्यासाठी प्रसिद्ध आहे, तिथे ताट खायला जाऊ नये. पात्रानी मच्छीची (केळीच्या पानात वाफवलेल्या माशाची) किंवा तळलेल्या बोंबलाची पारशी तऱ्हा बघायची तर बॅलार्ड इस्टेटमधलं 1923 सालचं ब्रिटानिया, आणि तिथे जेवण दुपारचं, हे लक्षात ठेवा. या सगळ्यांना जाण्यापूर्वी एक फोन करावा. साप्ताहिक सुटी प्रत्येकाची वेगळी असते.

नावांचा एक घोळ आधीच मिटवून टाकू. मालवणी कार्डावरची मुडदुशी, गोमंतकी कार्डावरची नगली आणि मंगळुरी कार्डावरचं काणे हा एकच मासा. चिंबोरी आणि कुर्ली एकच. भाव वेगळे दिसले तरी मासा तोच.

ताट मागवताना ताटाच्या नावातला मासा फक्त तळलेल्या तुकडीचा असतो, रस्सा बहुतेकदा त्या दिवशीचा जो असेल तो. सुरमई ताटात शेपटीकडची तुकडी यायची शक्यता मोठी. ती पातळ, लवकर वाळते, आणि रव्याच्या जाड थराखाली ते लपून जातं. "मधली तुकडी द्या, रवा कमी" एवढं सांगितलं तर बहुतेक ठिकाणी ऐकतात. पापलेट 2023 पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि भावही त्या थाटात मागतो. पण ताटातलं पापलेट बहुतेक वेळा तळहाताएवढंच असतं, काटे काढता काढता संपतं. लहान पापलेट मारणं समुद्रालाही परवडत नाही आणि खिशालाही. तेवढ्याच पैशांत बांगड्याचं ताट घेऊन वर मांदेलीची एक प्लेट येते. मांदेली डोकं काढून, कडक तळलेली, काट्यासकट खायची. मऊ आली तर परत पाठवा, ती पुन्हा तेलात सोडली की सुधारते. बोंबलाचं तसं होत नाही.

बोंबलावर थोडं थांबायला हवं, कारण खानावळीची परीक्षा तिथेच होते. या माशात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. म्हणून तो पोटाकडून उभा चिरून, पुस्तकासारखा उघडून, मीठ लावून, फडक्यात गुंडाळून अर्धा-एक तास पाट्याखाली किंवा जड भांड्याखाली दाबून ठेवावा लागतो. मग मसाला, मग रवा किंवा तांदळाचं पीठ, मग तेल. दाबण्याचा तास वाचवला की तीन गोष्टी दिसतात: तुकडा तळताना आकसून वळतो, वरचं कवच आतल्या मऊ भागापासून सुटं होतं, आणि ताटलीत दोन मिनिटांत पाण्याचं तळं साचतं. नीट दाबलेला बोंबील सपाट पडतो, कडा कुरकुरतात, मधला भाग लोण्यासारखा लागतो. आणि तो पाच मिनिटांत खायचा असतो. त्यामुळे "फ्राय आधी आणा, रस्सा-भात मागून" हे ऑर्डर देतानाच सांगा. नाहीतर सगळं एकदम येतं आणि भात कालवेपर्यंत बोंबील मेण होतो.

रावसाबद्दल सावध. "फिश टिक्का", "फिश फिंगर", "बोनलेस फिश करी" असं नुसतं लिहिलेलं असेल तर तो बरेचदा बासा असतो, गोड्या पाण्यातला, शेतीचा, बेचव. रावस हवा असेल तर कातडीसकट, काट्यासकट तुकडी मागा. रावसाचे मोठे, घट्ट पापुद्रे सुटतात. बासा बोटाने दाबला की चुरा होतो.

तिसऱ्या सुक्या खाव्यात. एकशिपी म्हणजे कच्च्या असतानाच विळीवर उघडून एक शिंपला टाकून दिलेल्या, तिथे मसाला मांसाला थेट लागतो. अख्ख्या उकडलेल्या असतील तर न उघडलेली शिंपली खाऊ नका. दाताखाली रेती आली तर त्या मिठाच्या पाण्यात पुरेशा वेळ ठेवल्या नव्हत्या. तिसऱ्या पाणी गाळून खातात, पाण्यातली घाणही त्यांच्यात साचते, म्हणून ऐन पावसाळ्यात टाळलेल्या बऱ्या.

बांगडा, तारली, सुरमई यांच्याबाबत एक धोक्याची खूण पाठ असू द्या. हे मासे पकडल्यावर बर्फात नीट ठेवले नाहीत तर त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते कितीही शिजवलं तरी जात नाही. मसाल्यापेक्षा वेगळी, मिरीसारखी चुरचुर जिभेला जाणवली, चेहरा लाल होऊन खाज सुटली, तर घास टाकून द्या. त्रास वाढला तर डॉक्टरांकडे जा. "मला माशाची अ‍ॅलर्जी आहे" असं समजून बांगडा कायमचा सोडलेल्या काही जणांचं दुखणं खरं तर हेच असतं.

खेकडा मागवायचा तर मेनूकार्डावरचं "एपीएस" वाचा. त्याचा अर्थ भाव आकारानुसार, आणि तो आकार ते ठरवणार. खेकडा शिजवण्याआधी टेबलावर आणायला सांगा, वजन विचारा, एकूण रक्कम विचारा, मग हो म्हणा. उचलून बघितल्यावर आकाराच्या मानाने जड लागला पाहिजे. पोटाखालचा पडदा अरुंद, टोकदार असेल तर नर: नांग्या मोठ्या, मांस जास्त. पडदा रुंद, गोलसर असेल तर मादी, गाबोळीची शक्यता. कवच टाकून नुकताच मोकळा झालेला खेकडा आतून पाणीदार असतो. खालच्या बाजूने दाबल्यावर कवच दबलं तर तो नको. कोळणी अमावास्येचा खेकडा भरलेला आणि पौर्णिमेचा पोकळ मानतात. चंद्र बघून जा किंवा जाऊ नका, पण दाबून मात्र बघा. आणि पहिल्यांदाच खाणाऱ्याने बटर-गार्लिकऐवजी मसाला सुका मागवावा. लोण्यात खेकड्याची चव कमी आणि लसणाची जास्त कळते.

सोलकढीचा रंग फिकट गुलाबी असतो. भडक जांभळी दिसली तर आगळ (कोकमाचा अर्क) जास्त झालंय किंवा रंग टाकलाय. वर पाणी आणि खाली चोथा झाला असेल तर ती सकाळची आहे. ढवळून देतात, पण नारळाचं दूध उन्हाळ्यात लवकर आंबतं, आधी एक घोट घेऊन बघा. तिचा निम्मा पेला शेवटच्या भातासाठी राखून ठेवावा.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर मालवणी ठिकाणी काळ्या वाटाण्याची उसळ आणि आंबोळी विचारा. तळलेल्या वांग्याच्या कापांचा तवा वेगळा आहे का, तेही विचारा, बहुधा नसतो.

बिलात साध्या रेस्टॉरंटला 5 टक्के जीएसटी. सेवा शुल्क ऐच्छिक आहे, काढायला सांगितलं तर काढावं लागतं. वेटरला हातात दिलेले पैसे वेगळे आणि ते जरूर द्या, पुढच्या वेळी "हलवा नका घेऊ" हे तोच सांगणार असतो.

पार्सलमध्ये रस्सा, भात, वडे न्या. तळलेलं नकोच. अगदीच न्यायचं तर मांदेली न्या, डबा बंद करू नका, कागदात सैल गुंडाळा आणि घरी तव्यावर तेल न घालता दोन मिनिटं परता. बोंबील डब्यात घातला तर दादरहून ठाण्याला पोचेपर्यंत त्याची पेज झालेली असते.