पाऊण तासाच्या मंचावर गारिफुना

अमेरिकेतले लोककला महोत्सव हा फार शिस्तीचा प्रकार आहे. मोठं मैदान, चार-पाच मंडप, एकात आयरिश फिडल, पलीकडे लुईझियानाचं अकॉर्डियन, मधे लिंबू सरबताच्या गाड्या. प्रत्येक चमूला पाऊण तास, आणि तो संपत आला की गळ्यात ओळखपत्र अडकवलेला स्वयंसेवक बाजूला येऊन घड्याळाकडे बोट दाखवणार. लोक घडीच्या खुर्च्या काखोटीला मारून एका मंडपातून दुसऱ्या मंडपात फिरत राहतात. या उन्हाळ्यात मी मात्र एकाच मंडपात ठाण मांडलं, कारण तिथे ब्रॉंक्सहून गारिफुना मंडळी आली होती.

न्यूयॉर्कात राहणाऱ्यांच्या शेजारीपाजारी गारिफुना असतात, पण ते आपल्याला कळत नाही. दिसायला आफ्रिकी वंशाचे, दुकानात बोलणार होंडुरासचं स्पॅनिश नाहीतर बेलीझचं इंग्रजी, आणि घरात भाषा तिसरीच. ही तिसरी भाषा आफ्रिकेतली नाही. ती कॅरिबियन बेटांवरच्या मूळ रहिवाशांची, अरावाक कुळातली आहे.

हे कसं झालं ते सूत्रधार बाईंनी मंचावर दोन मिनिटांत सांगितलं. मी थोडं सावकाश सांगते. सेंट व्हिन्सेंट बेटाला हे लोक युरुमेन म्हणतात. तिथले मूळ रहिवासी आणि गुलामगिरीतून निसटून आलेले आफ्रिकी यांच्यातून हा समाज घडला. बेट बळकावू पाहणाऱ्या ब्रिटिशांशी ते वर्षानुवर्षं लढले. त्यांचा सरदार सातुये १४ मार्च १७९५ ला पडला. तो आज सेंट व्हिन्सेंटचा अधिकृत राष्ट्रवीर आहे. हार झाल्यावर सुमारे पाच हजार माणसं पकडून बालिसो नावाच्या उजाड बेटावर डांबली गेली आणि त्यातली जवळपास निम्मी रोगराईने व उपासमारीने तिथेच मेली. उरलेल्यांना जहाजांत भरून १२ एप्रिल १७९७ ला होंडुरासजवळच्या रोआतान बेटावर नेऊन सोडलं. तिथून ते होंडुरास, ग्वाटेमाला, बेलीझ आणि निकाराग्वाच्या किनाऱ्यांवर पसरले. ब्रॉंक्स हा त्या प्रवासाचा अलीकडचा टप्पा.

इतकं सांगून झालं आणि ढोल सुरू झाले. ढोल दोन: प्रिमेरा आणि सेगुंदा. कार्यक्रमानंतर मी सेगुंदा जवळून पाहिला. पोखरलेलं लाकडी खोड, वर ताणलेलं कातडं, आवळायला दोरी आणि लाकडी खुंट्या, आणि कातड्यावरून आडवी गेलेली बारीक तार. थाप पडली की ती तार झणझणते आणि जाड आवाजाला खरखरीत कड येते. वाजवायचं नुसत्या हातांनी. सेगुंदा ठेका धरून बसतो, प्रिमेरा वाटेल तसा उधळतो.

आणि वानारागुआ नाचात तर प्रिमेराची मान नाचणाऱ्याच्या हातात असते. इथे ढोलाच्या तालावर पाय पडत नाहीत. नाचणारा पाय टाकतो आणि वादक त्याच्या पायांवर नजर खिळवून तो बोल हातातून काढतो. गुडघ्यांना शिंपल्यांच्या माळा, डोक्यावर पिसांचा मुकुट, तोंडावर गोऱ्या माणसाचा मुखवटा. मळेवाल्या साहेबांची ही जुनी टर, नाताळच्या दिवसांत गावोगावी काढली जाणारी. भर उन्हात तो मुखवटा चढवून नाचणाऱ्या पोराचं मला कौतुक वाटलं, आणि पहिल्या रांगेतली मंडळी किती मनापासून टाळ्या वाजवत होती ते बघून जरा गंमतही.

दुपारी कार्यशाळा होती, म्हणजे प्रेक्षकांना पुंता हा त्यांचा नाच शिकवायचा. पुंतात खांदे आणि धड स्थिर, पाय जमिनीलगत भराभर सरकतात आणि कंबर हलते. लहान पोरांना लगेच जमलं. आम्हा संगणकासमोर बसणाऱ्यांचे खांदे काही जागेवर राहीनात. मग आकडे: आबान, बियामा, उरुवा. चारपासून एकदम फ्रेंच वळणाचे गादुरु, सेंगु, कारण जुन्या काळी व्यापार फ्रेंचांशी. बाई स्वतःला ‘मी’ म्हणताना ‘नुगुया’ म्हणते, पुरुष ‘आउ’. तंबूतले सगळे जण मोठ्याने घोकत होते, आणि सर्वांत मोठ्याने त्या चमूतल्याच दोन किशोरवयीन मुली. नंतर कळलं, त्याही गाण्यांतूनच शिकताहेत. घरी आजीला उत्तर स्पॅनिशमधून देतात.

ही काळजी जुनीच आहे. बेलीझचा गायक अँडी पालासियो १९८० मध्ये साक्षरता मोहिमेसाठी निकाराग्वात गेला, तेव्हा तिथल्या गावात ही भाषा फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडी उरलेली त्याने पाहिली. पुढे तो गारिफुनातच गात राहिला. २००१ मध्ये युनेस्कोने या भाषेला, नृत्याला आणि संगीताला मानवजातीच्या मौखिक व अमूर्त वारशाचा उत्कृष्ट नमुना म्हणून गौरवलं. पालासियोचा ‘वातिना’ हा अल्बम २००७ मध्ये जगभर गाजला आणि जानेवारी २००८ मध्ये तो गेला, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी.

पुंता ऐकायला जल्लोषाचा वाटतो. पण त्याची खरी जागा मयताच्या घरी आहे, नऊ रात्रींच्या प्रार्थनेनंतरच्या जागरणात. गाणी बहुतेक बायकांनी रचलेली. त्यांत कुणी गेल्याचं दुःख असतं, आजारपण असतं, सोडून गेलेल्या नवऱ्याची तक्रार असते. देवीपुढचा गोंधळ स्नेहसंमेलनात बसवला की त्यातलं काय उरतं, हा आपला जुना वाद. तो मला तिथे आठवला. गारिफुनांनी यावर आपल्यापुरता निर्णय घेतलेला दिसला. पुंता आणला, परांदा ही गिटारवरची गाणी आणली, वानारागुआही आणला. दुगू आणला नाही. दुगू म्हणजे पूर्वजांसाठी बुयेई, म्हणजे त्यांचा पुजारी, घडवून आणतो तो कित्येक दिवसांचा विधी. त्याला ढोल तीन लागतात, आणि गावोगावचे, परदेशातले नातेवाईक गोळा व्हावे लागतात. प्रेक्षकांतल्या एकाने त्याची थोडी झलक मागितली. सूत्रधार बाई हसल्या, ते पूर्वजांनी बोलावल्यावर होतं, आयोजकांनी नाही, असं म्हणाल्या आणि पुढचं गाणं सुरू केलं. मला हे फार आवडलं. सगळं दाखवलंच पाहिजे, असं त्यांना वाटत नाही.

तुमच्यापैकी कुणी मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला येणार असेल तर ११ मार्च ते १२ एप्रिल या महिन्यात ब्रॉंक्सकडे नक्की फिरका; गारिफुना वारसा महिना असतो. आणि थेट बेलीझच गाठायचं असेल तर १९ नोव्हेंबर धरून डांग्रिगा या किनाऱ्यावरच्या गावाला जा. गारिफुना बेलीझच्या किनाऱ्याला लागले त्याची आठवण म्हणून थॉमस व्हिन्सेंट रामोस या गारिफुना कार्यकर्त्याने १९४१ मध्ये सुरू केलेला हा आगमन दिन आता तिथली राष्ट्रीय सुट्टी आहे. सकाळीच होड्या किनाऱ्याला लागतात, त्यांत ढोल, कसावा आणि पिवळे-पांढरे-काळे झेंडे. किनाऱ्यावर उतरलेली मंडळी ढोल वाजवत मिरवणुकीने चर्चकडे जातात. आदल्या रात्री गावात ढोल थांबत नाहीत, तेव्हा झोपेची आशा ठेवू नका.