व्हाइट हाउसचं गोकुळ: पेटीत आता 61 कार्डं

व्हाइट हाउसमधल्या अमेरिकी अध्यक्षांच्या प्राण्यांच्या गोष्टी, प्रत्येकीचं एक कार्ड, अशी ही माझी पेटी. मागच्या नोंदीच्या वेळी तिच्यात 50 कार्डं होती. नवी 12 आली आणि एक कायमचं बाद झालं. ते बाद करताना जिवावर आलं, कारण ती गोष्ट मी क्विझमध्ये दोनदा विचारली आहे: फ्रेंच सेनानी लाफायेतनं भेट दिलेली मगर अध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी व्हाइट हाउसच्या न्हाणीघरात ठेवली होती, ही. अ‍ॅडम्स वर्षानुवर्षं डायरी लिहीत. हवापाण्यापासून भेटायला आलेल्यांपर्यंत सगळं तिच्यात आहे, मगर नाही. त्या काळातला दुसरा पुरावाही नाही. ज्यांनी माझ्याकडून हे ऐकलंय, त्यांनी कृपया खोडून टाकावं.

दुसरं कार्ड बाद नाही, पण चुकीच्या खणात होतं. निक्सन यांची कॉकर स्पॅनियल चेकर्स. ती व्हाइट हाउसमध्ये कधी राहिलीच नाही. ती 1964 मध्ये गेली आणि निक्सन अध्यक्ष झाले 1969 मध्ये. तिचं नाव झालं ते 23 सप्टेंबर 1952 च्या भाषणामुळे. निक्सन तेव्हा उपाध्यक्षपदाचे उमेदवार होते, 18,000 डॉलरच्या निधीवरून त्यांच्यावर टीकेची झोड उठली होती. लोक काहीही म्हणोत, मुलींना भेट मिळालेलं हे कुत्रं मी परत करणार नाही, असं त्यांनी टीव्हीवरून सांगितलं. आता तारीख नीट पाहा. बरोबर आठ वर्षं आधी, 23 सप्टेंबर 1944 ला, फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी आपल्या फाला या स्कॉटिश टेरियरची बाजू भाषणातून मांडली होती. फाला अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांवर मागेच राहिला, त्याला आणायला करदात्यांच्या पैशानं विनाशिका (युद्धनौका) पाठवली, असा आरोप होता. रूझवेल्ट म्हणाले, माझ्यावरची टीका मी सोसतो, फाला नाही सोसत. निक्सन यांच्या डोळ्यांसमोर हेच भाषण होतं. म्हणून चेकर्सचं कार्ड आता फालाच्या मागे लागलं आहे.

या वेळचा सगळ्यात जास्त वेळ मात्र लॅडी बॉयवर गेला, आणि तो सत्कारणी लागला. अध्यक्ष हार्डिंग यांचा हा एअरडेल कुत्रा 1921 मध्ये आला. मंत्रिमंडळाच्या बैठकीत त्याला बसायला स्वतःची खुर्ची होती. ऑगस्ट 1923 मध्ये हार्डिंग गेले. ते मूळचे वृत्तपत्रवाले, ओहायोतल्या मॅरियनमध्ये त्यांचं स्वतःचं दैनिक. म्हणून पेपर टाकणाऱ्या पोरांनी प्रत्येकी एक पेनी, म्हणजे एक सेंटचं नाणं, काढली. 19,134 पेन्या जमल्या. त्या वितळवून बॉस्टनच्या शिल्पकार बाश्का पेफ यांनी लॅडी बॉयचा पूर्णाकृती पुतळा केला, आणि कुत्र्याला समोर बसवून केला. मी कागदावर हिशोब मांडला: त्या वेळची पेनी 3.11 ग्रॅमची, म्हणजे सगळी मिळून जवळजवळ साठ किलो धातू. रक्कम म्हणून पाहिलं तर 191 डॉलर 34 सेंट. पुतळा हार्डिंग यांच्या पत्नी फ्लॉरेन्स यांना द्यायचा होता, पण त्याआधीच, नोव्हेंबर 1924 मध्ये, त्याही गेल्या. तो आज स्मिथसोनियन या संग्रहालय संस्थेकडे आहे. इतकं मायेनं घडलेलं दुसरं काही माझ्या पेटीत नाही.

कूलिज यांची रॅकून रेबेका सगळ्यांना ठाऊक आहेच: 1926 मध्ये थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी मिसिसिपीहून पाठवलेली, आणि ताटात जाण्याऐवजी घरात राहिलेली. तिच्या कार्डावर फक्त गळपट्ट्याची भर घातली. विल्सन यांच्या मेंढ्यांच्या कार्डावर आकडा चढवला: पहिल्या महायुद्धात हिरवळीवर चरणाऱ्या या कळपाची लोकर लिलावात विकून रेडक्रॉसला 52,000 डॉलरहून जास्त मिळाले. कळपातला म्हातारा एडका ओल्ड आइक तंबाखू चघळायचा!

पुढचा खण पुशिंकाचा. 1960 मध्ये अंतराळात जाऊन परतलेल्या स्त्रेल्का या सोव्हिएत कुत्रीची ही मुलगी, सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांनी 1961 मध्ये केनेडींच्या घरी धाडलेली. केनेडींच्याच चार्ली या वेल्श टेरियरपासून तिला चार पिल्लं झाली. त्या चौघांची नावं पेन्सिलीनं लिहून ठेवली आहेत: बटरफ्लाय, व्हाइट टिप्स, ब्लॅकी, स्ट्रीकर. प्रत्येकाला वेगळं कार्ड करणार आहे.