पळत्या घोडीचं लीड बदलताना

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडं बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी रेवाल विचारतो. स्वाराच्या हातातलं पाणी हिंदकळू नये अशी सपाट चाल असली की घोड्याला भाव येतो. मार्गशीर्षातल्या त्या बाजारातूनच मी काठेवाडी घोडी आणली आणि तिची रेवाल खरोखर देखणी आहे. पण मला ती कँटरमध्ये, म्हणजे तीन ठेक्यांच्या पळत्या चालीत हवी होती, आठाच्या आकड्यात, मधे न थांबता दोन्हीकडे वळणारी. रेवालीच्या घोड्यांचं नेमकं तिथंच अडतं. एका बाजूचे पाय पाठोपाठ टाकायची सवय अंगात मुरलेली असते, त्यामुळे कँटरमध्ये पुढचे पाय एका लीडवर आणि मागचे दुसऱ्यावर असं सहज होऊन बसतं. लीड म्हणजे कोणत्या बाजूचे पाय पुढे पडतात ते. स्वाराला ते लगेच कळतं, कारण खोगिरात कंबर आडवी ढवळली जाते.

डाव्या लीडवर आधी उजवा मागचा पाय पडतो, मग डावा मागचा आणि उजवा पुढचा एकत्र, शेवटी डावा पुढचा. त्यानंतर क्षणभर चारही पाय हवेत. लीड बदलायची ती एवढ्याच वेळात, आणि बदल मागच्या पायांपासून व्हायला हवा. वळणाच्या आतल्या बाजूचं लीड नसेल तर घोडं तोल सावरत वळतं, आणि आमच्या मुरमाड माळावर ते घसरायला वेळ लागत नाही.

गावाजवळ ६१ कॅव्हलरीतून निवृत्त झालेले एक दफेदारकाका राहतात. जयपूरच्या या घोडदळात मराठ्यांची भरती होते. काकांची सगळी नोकरी घोड्याच्या पाठीवर गेलेली. घोडी बघितल्यावर ते म्हणाले, "लीडचं नाव बी काढू नको आत्ता. सरळ पळायलीय का ते बघ आधी."

ती सरळ पळत नव्हती. उजवीकडे मान वाकवायला कुरकुरायची, पुठ्ठे बाहेर फेकायची. दात आणि पाठ पशुवैद्यांकडून तपासून घेतली, नालबंदाकडून टापा सारख्या करून घेतल्या. हे आधी करावंच. दुखणाऱ्या पाठीवर शिकवलेलं काही टिकत नाही.

पुढचे बरेच महिने फक्त पायाभरणी चालली. चालीतून थेट कँटर, कँटरमधून परत चाल, मधे दुडकी नको. मग कँटर, चार पावलं चाल आणि दुसऱ्या लीडवर कँटर. हळूहळू ती पावलं कमी करत आणायची. त्याबरोबर काउंटर कँटर, म्हणजे वळण उजवीकडे पण लीड मुद्दाम डावंच ठेवायचं. सुरुवातीला वळण अगदी उथळ घ्यायचं. नवख्याला हा उलटा उद्योग वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फळ यानंच दिलं. सांगितल्याशिवाय पाय बदलायचा नाही, हे घोडीला पक्कं कळलं आणि मागच्या पायांत ताकद आली.

काळ्या रानात यातलं काही जमत नाही. पावसात चिखल आणि उन्हाळ्यात पाय अडकेल एवढ्या भेगा. सोयाबीन काढलेल्या शेतात खुंटं टोचतात. म्हणून माळाचा एक तुकडा दगड वेचून, वखर फिरवून भुसभुशीत केला आणि चुन्याच्या फक्कीनं त्यावर आठ आखला.

प्रत्यक्ष बदलाचा इशारा छोटा असतो. डाव्या लीडवरून उजव्यावर जायचं तर मागे असलेला माझा उजवा पाय तंगाशी, म्हणजे खोगिराच्या पोटपट्ट्याशी येतो, डावा मागे सरकतो आणि उजवं कूल्हं किंचित पुढे. डावा पुढचा पाय जमिनीकडे येत असतानाच हे व्हावं लागतं. घोडी हवेत गेल्यावर सांगितलं तर ऐकून करायला तिच्याकडे वेळच उरत नाही. शरीर एका बाजूला झोकून तिला ढकलायचं नाही. काका माळाच्या कडेला उभे राहून सतत तेच सांगायचे, "तू निवांत बस. घोडी ऐकायलीय तुझं."

पहिले बदल झाले ते पुढच्या पायांत, मागचे एक उडी उशिरा. बसल्या जागी अंदाज येतो, पण खात्री आम्ही दोन प्रकारे करत होतो. पुतण्या मोबाइलवर स्लो मोशनमध्ये बाजूनं चित्रण करायचा, आणि वखरलेल्या मुरमात टापांचे ठसे बघायचो. मागचा पाय उशिरा आला की कँटर थोडा जागता, पुठ्ठ्याला जोर लागेल असा करायचा, पुन्हा सरळ करायचा आणि मग विचारायचं. काहीजण जमिनीवर आडवा बांबू ठेवून त्यावरून उडी मारताना बदल करवतात. काकांनी तो ठेवू दिला नाही. त्यांचं म्हणणं, त्यानं घोडं पुढून उचलायला शिकतं आणि मागचा पाय आणखी रेंगाळतो. माझ्या घोडीचा दोषच तो, त्यामुळे मला ते पटलं.

दुसरी अडचण तिच्या हुशारीची. आठाच्या मधोमध आलो की कान टवकारून, इशाऱ्याआधीच पाय बदलून ती धावत सुटायची. मग मधोमध काही विचारायचंच नाही, तिथून तसंच काउंटर कँटरमध्ये जायचं. बदल कधी लांब कडेला, कधी तिरकस रेषेवर. कधी दिवसभर नाहीच.

स्वच्छ बदल आला तो सकाळी ऊन चढायच्या आत, कडेच्या सरळ रेषेवर. खोगिरात धक्का नाही, पुठ्ठा खालून वर आल्यासारखा झाला आणि पुढच्या उडीला माझं उजवं कूल्हं आपोआप पुढे होतं. लगाम सैल सोडला, मान थोपटली, खाली उतरलो. त्या दिवशी दुसऱ्यांदा विचारलं नाही. खरारा करताना ती डोळे मिटून उभी होती आणि मला तिचा फार अभिमान वाटत होता.

ग्राँ प्री ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या वरच्या पातळीच्या स्पर्धेत, प्रत्येक उडीला एक असे सलग १५ बदल करतात. आम्हाला तिथं जायचं नाही. डावीकडून उजवीकडे आता ती मऊपणे बदलते. उजवीकडून डावीकडे अजून, दोन दिवस सुट्टी मिळाली की, मागचा पाय रेंगाळतो. त्या सकाळी आम्ही बदल विचारत नाही. आधी कँटर ते चाल, मग काउंटर कँटर, आणि पाठ सैल झाली तरच एकदा.