कट मोजण्याची वही: पहिले सहा आठवडे

गेले सहा आठवडे मी प्रत्येक सिनेमा दोनदा बघतेय. पहिल्यांदा नुसता, चारचौघांसारखा. दुसऱ्यांदा अंगठ्याने दाबायचा छोटा काउंटर हातात घेऊन. कट, म्हणजे एक सलग शॉट तुटून दुसरा सुरू झाला, की टक्. शेवटी एकूण सेकंदांना शॉटच्या संख्येने भागायचं, की एक शॉट सरासरी किती वेळ टिकला ते कळतं. हे खूळ मी शोधलेलं नाही. बॅरी सॉल्ट हा अभ्यासक १९७०च्या दशकातच या सरासऱ्या काढू लागला, आणि २००५ साली यूरी त्सिव्यान यांनी 'सिनेमेट्रिक्स' ही वेबसाइट सुरू केल्यापासून जगभरचे हौशी तिथे आपापली मोजणी जमा करतात.

माझं निमित्त मात्र भांडणाचं. धाकट्या भावाचं ठाम मत आहे की एकाच शॉटमध्ये सिनेमा काढणं म्हणजे दिग्दर्शकाचा कळस. मी म्हटलं, बघू. आमच्यासोबत बघायला एक मैत्रीण असते. तिचं मत सिनेमा संपल्यावर पाच मिनिटांत तयार असतं आणि सहसा बदलत नाही. (पुढे दोन-तीन सिनेमांचे शेवट फोडलेत, आधीच सांगते.)

सराव म्हणून '१२ अँग्री मेन' (१९५७) घेतला. ९६ मिनिटं, जवळजवळ सगळा एका खोलीत, म्हटलं सोपं जाईल. कसलं सोपं! सुरुवातीला शॉट निवांत आहेत, शेवटाकडे भांडणं पेटली की कट भराभर येतात, आणि नेमकं तेव्हाच गोष्टीत अडकल्यामुळे अंगठा थांबतो. माझी दोन वेळची मोजणी चाळीसने वेगळी आली. दोन्ही आकडे वहीत आहेत, दोन्हींवर काट मारलेली आहे.

पण दुसऱ्या फेरीत हाती लागलं ते काउंटरच्या पलीकडचं. दिग्दर्शक सिडनी लुमेटने पहिल्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या पातळीच्या वर ठेवला, मधल्या भागात पातळीवर आणला आणि शेवटच्या भागात खाली उतरवला. जोडीला लेन्स लांब पल्ल्याच्या, म्हणजे मागचं पुढे ओढून आणणाऱ्या, होत गेल्या. त्यामुळे भिंती माणसांच्या पाठीला येऊन टेकतात आणि शेवटी डोक्यावर छत दिसू लागतं. पहिल्यांदा बघताना मला त्या खोलीत नुसतं गुदमरल्यासारखं झालं होतं, का ते कळलं नव्हतं. बाहेर पायऱ्यांवरचा शेवटचा शॉट रुंद लेन्सचा आहे, तो आला आणि आम्ही तिघांनी एकदम श्वास सोडला. भावाने तरी शेरा मारलाच, "ताई, पण कट किती आहेत बघ की!"

मग त्याच्या यादीतले. '१९१७' हा एका सलग शॉटसारखा भासणारा युद्धपट आधीच बघितलेला होता, मधल्या काळ्या पडद्याला कट धरायचा की नाही यावर अर्धा तास गेला. मी धरला. 'रशियन आर्क' (२००२) मध्ये वाद घालायला जागाच नाही. हर्मिटाज संग्रहालयातून फिरणारा ९६ मिनिटांचा एकच शॉट, तीन प्रयत्न फसल्यावर चौथ्यांदा जमलेला. स्टेडिकॅम, म्हणजे चालताना कॅमेरा हलू न देणारी चौकट, अंगावर बांधून कॅमेरामन टिलमन ब्युटनर चालतोय, भोवती शेकडो माणसं झुल्यासारखी सरकतायत. काउंटरवर शून्य. मैत्रीण विसाव्या मिनिटाला झोपली आणि नाचाच्या सीनला जागी झाली. तिच्या मते मधलं काही चुकलं नाही. मला चुकलंय असं वाटतं, पण तिला पटवून देता आलं नाही.

'व्हिक्टोरिया' (२०१५) वर मात्र भाऊ जिंकला. १३८ मिनिटं, बर्लिनमधली पहाट, एकच टेक, तोही तिसऱ्या प्रयत्नातला. शेवटी नावं येतात तेव्हा कॅमेरामन श्टुर्ला ब्रान्ट ग्रोव्हलेनचं नाव सगळ्यात आधी येतं, आणि ते रास्तच आहे. या सिनेमात न कापण्याला कारण आहे. ती मुलगी अनोळखी पोरांच्या मागे कशी ओढली जाते हे कापून दाखवलं असतं तर मी तिला मूर्ख ठरवून मोकळी झाले असते. इथे आपणही तिच्यासोबत एकेक पाऊल टाकत जातो आणि परत फिरायची जागा कुठे हुकली ते कळत नाही. पहिला तास सैल आहे, हे माझं मत. तो सैल आहे म्हणूनच दुसरा चालतो, हे भावाचं. वहीत दोन्ही लिहिलंय.

आता हिचकॉकचा 'रोप' (१९४८). यावर मी चार पानं लिहिली. सुरुवातीचा रस्त्यावरचा शॉट सोडला तर ८० मिनिटांत फक्त दहा शॉट. कॅमेऱ्यात फिल्मचं रीळच साधारण दहा मिनिटांचं बसायचं, म्हणून काही ठिकाणी कॅमेरा कुणाच्या तरी कोटाच्या पाठीत घुसतो, पडदा काळा होतो आणि पुढचा शॉट तिथूनच सुरू होतो. हे सगळ्यांना माहीत असतं. मला माहीत नव्हतं ते हे, की मध्ये मध्ये चक्क उघडे कट आहेत. थिएटरमध्ये प्रोजेक्टरवरचं रीळ बदलायची वेळ जिथे येई, तिथे लपवाछपवी करून उपयोग नव्हता. पहिल्यांदा बघताना यातला एकही उघडा कट मला दिसला नाही. लपवलेले मात्र सगळे दिसले! कोटाची पाठ जवळ येऊ लागली की भाऊ "आला, आला" म्हणून ओरडायचा.

पण सिनेमातला सगळ्यात भारी शॉट पाठीचा नाहीच. पेटीत प्रेत आहे, पेटीवर जेवण मांडलेलं. पाहुणे बाजूच्या खोलीत बोलतायत, ते दिसत नाहीत, फक्त ऐकू येतात. आणि घरकाम करणारी बाई पेटी आवरतेय. ताटं उचलली, आत गेली. परत आली, मेणबत्त्या नेल्या. परत आली, कापड काढलं. मग पुस्तकांचे गठ्ठे आणायला लागली, कारण ती पेटीत ठेवायची आहेत. कॅमेरा ठोकल्यासारखा उभा. सबंध सिनेमाभर लोकांच्या मागे धावणारा हा कॅमेरा इथे हलत नाही, आणि संवादांकडे आपलं लक्षच राहत नाही. मैत्रीण, जी सिनेमा चालू असताना कधी काही बोलत नाही, ती म्हणाली, "झाकण नको उघडूस गं बाई."

म्हणून या आठवड्यात यादी बदलून 'कोर्ट' (२०१४) परत लावला. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेचा कॅमेरा लांब उभा राहतो आणि माणसांना आत-बाहेर करू देतो. गीतांजली कुलकर्णीची सरकारी वकील कायद्याची कलमं एका सुरात वाचत सुटते, आणि कॅमेरा आपल्याला सुटका म्हणून दुसऱ्या कुणाचा चेहरा दाखवायला जात नाही. पाच वर्षांपूर्वी मी या सिनेमाला 'संथ' असा एक शब्द लिहून ठेवला होता. तो खोडला.

शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते. खोली रिकामी होते, दिवे जातात, पडदा काळा. भाऊ उठला, रिमोट शोधू लागला. मी म्हटलं, बस खाली. मग न्यायाधीशांची सहल सुरू होते आणि बाकावर डुलकी घेणाऱ्या त्यांना पोरं ओरडून दचकवतात. ते एकाला थोबाडीत मारतात आणि परत डोळे मिटतात.

भाऊ उभाच होता. जरा वेळाने म्हणाला, "मघाशी काळं झालं तो कट धरलास?"

काउंटर माझ्या मांडीवर पडला होता. पाऊण तासापासून मी दाबलाच नव्हता. 'कोर्ट'समोरचा रकाना रिकामा आहे, रविवारी पुन्हा लावायचा म्हणतेय.